धाकटीची बादली

धुकं दाट होतं, कॅन्टीनच्या खिडकीतून समोरचा कारखानाही दिसेना. थोरलीनं तांदूळ धुतले, डाळ चढवली, आणि नजर गेली ती नेमकी वजनकाट्याशेजारच्या दोन बादल्यांवर.

कामगार ताटात अन्न का टाकतात, याचा अभ्यास करायला एक मुलगी आली होती. वाढायच्या दोन्ही खिडक्यांवरचं खरकटं ती मागं बसून वेगवेगळं तोलायची. सगळे तिला ‘वजनवाली’ म्हणत. तिचा अहवाल बघूनच साहेब नव्या कॅन्टीनची मुख्य नेमणार होते.

थोरलीची बादली रोज नऊ किलो. धाकट्या जावेची चार.

“पातेलं एकच, भात एकच! आणि हिला कामाला मीच आणलं, हात धरून!” थोरली धुसफुसायची.

“माझ्याकडे भुकेलेच येत असतील हो, जाऊबाई,” धाकटी हसायची. ते हसणं थोरलीला जखमेवरच्या मिठासारखं झोंबायचं.

पंधरा दिवसांनी वजनवालीनं पळ्यांची अदलाबदल केली. “मावशी, मी दिलेली तुमची पळी जरा मोठी होती, त्यांची लहान. मुद्दामच. आधी सांगितलं असतं तर तुमचा हात बदलला असता.”

थोरलीच्या जिवात जीव आला. म्हणजे गुण हाताचा नव्हे, पळीचा! आता बघतेच म्हणावं.

तिची बादली सहावर आली. मोठी पळी घेऊनही धाकटीची मात्र साडेचारच.

मग थोरली टक लावून बघत राहिली. धाकटी पळी अर्ध्यात थांबवायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. “पुरे, दादा? लागला तर परत या.” बस्स, एवढंच. अकरा वर्षांत थोरलीनं ताटं पाहिली होती, तोंडं नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनंही एका जुन्या वेल्डरला विचारलं, “किती वाढू?”

तो दचकला. “मावशी, तब्येत बरी आहे ना?”

रांग खो खो हसली. थोरलीनं त्याच्या ताटात भाताचा डोंगर ओतला.

शेवटच्या दिवशी वजनवाली वही घेऊन आली. “मी मागं असते, मला दिसत नाही. तुम्ही तर घरच्या. त्या काय वेगळं करतात हो?”

शब्द थोरलीच्या अगदी ओठांवर आले. पलीकडे धाकटी कुणाशी तरी हसत होती.

“काही नाही गं,” थोरली म्हणाली. “नशीब एकेकाचं.”

वजनवालीनं वही मिटली. थोरलीनं सूप ओढलं आणि उद्याची डाळ निवडायला घेतली.