अकरा वाड्या आणि सत्तावीस देश

मार्चमधला दुसरा सोमवार. बुडालेली रक्कम तीन लाख आठ हजार रुपये. हजर आम्ही चौघं: पानवेलीच्या बागायतदारांच्या गटाचे प्रमुख पास्कल काका, गटाचा हिशेब ठेवणारी त्यांची सून रिटा, गटातलेच एक बागायतदार, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले जॉन मास्तर आणि मी. जागा, वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातली, क्रॉससमोरची पत्र्याची शेड.

मी विमानतळाजवळच्या एका छोट्या कार्गो कंपनीत निर्यातीच्या कागदपत्रांचं काम बघते. माल दुसऱ्याचा, विमान तिसऱ्याचं. आमचं काम एवढंच, की माल ज्या देशात उतरेल तिथल्या अधिकाऱ्याला विचारायला प्रश्न उरू नये. त्या दिवशी प्रश्न उरला होता.

या गटात अकरा घरं आहेत. प्रत्येकाची वाडी, वाडीत नारळ-सुपारी आणि त्यांच्या सावलीत पानवेल. खायचं पान आम्ही हॉलंडला पाठवायचो. तिथं सुरीनामहून आलेली हिंदुस्तानी माणसं बरीच आहेत. त्यांचे पणजोबा बिहारकडून सुरीनामला मजुरीला गेले आणि नातवंडं हॉलंडला आली, पण पूजेला पान लागतंच. त्यांच्यातले मदनभाई हे आमचे गिऱ्हाईक. भाव इथल्या बाजाराच्या तिप्पट मिळायचा. त्या भावावरच अकरा वाड्या टिकून होत्या. चार घरांनी तर आधीच ठरवलं होतं, युरोप बंद झाला तर वेल उपटायचे.

आणि मदनभाईंचा फोन आला होता. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर पानांचा नमुना काढला, त्यात साल्मोनेला सापडला. पोट बिघडवणारा हा जिवाणू बहुतेक वेळा घाण पाण्यातून येतो. चव्वेचाळीस खोके जाळून टाकले.

"जाळले तर जाळले," पास्कल काका म्हणाले. "हे समोर पॅक केलेले खोके आहेत ते जर्मनीला पाठवा. एका दारावर नाय म्हटलं तर दुसरं दार आहे."

"काका, दुसरं दार नाही."

"जर्मनी दुसरा देश ना?"

"देश दुसरा. दार तेच."

हे समजावायला मला माझ्याच कॉम्प्लेक्सचा उपयोग झाला. मी राहते तिथं सात बिल्डिंगा आहेत. प्रत्येक बिल्डिंगची सोसायटी वेगळी, चेअरमन वेगळा, पण गेट एकच आणि ते फेडरेशनच्या ताब्यात. एखाद्या डिलिव्हरीवाल्याला गेटवर अडवलं की तो सातही बिल्डिंगांना बंद. युरोपियन युनियन हे सत्तावीस देशांचं तसं फेडरेशन आहे. खाण्याच्या मालाचे नियम सगळ्यांनी मिळून ब्रसेल्सला ठरवायचे आणि प्रत्येकाने आपापल्या बंदरावर पाळायचे. हॉलंडच्या अधिकाऱ्याने माल अडवला की तो कॉम्प्युटरवर नोंद करतो. त्याला अलर्ट म्हणतात. ती नोंद लगेच सगळ्या देशांत दिसते, पाठवणाऱ्याच्या नावासकट.

"म्हणजे हॉलंडच्या सरकारला स्वतःच्या दारावर हक्क नाय?"

"होता. त्यांनीच तो वाटून टाकला. बदल्यात एकदा आत गेलेलं पान सत्तावीस देशांत फिरतं, मध्ये कोणी खोका उघडत नाही."

"नि इंग्लंड?" मास्तरांनी विचारलं. मास्तर पेपर पूर्ण वाचतात.

"ते फेडरेशनमधून बाहेर पडले. आता त्यांचं गेट वेगळं, वॉचमन वेगळा. पण तिथं आपलं गिऱ्हाईक नाही, आणि तिथले मोठे व्यापारी आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"नॉर्वे?"

"नॉर्वे सभासद नाही, पण बाजार हवा म्हणून नियम जवळपास सगळे पाळतो. ठरवताना मत मात्र नाही."

"मेंटेनन्स भरायचा नि मीटिंगला बसायचं नाही," रिटा म्हणाली.

"म्हणजे आमच्या गावांनी महापालिकेत राहायचं का बाहेर, तसलंच भांडण," काका म्हणाले.

"तसलंच. फक्त देशांचं."

काका हसले. पण जर्मनीचे खोके पाठवायचे नाहीत हे त्यांना पटलं. संध्याकाळी ती पानं दादरच्या बाजारात गेली, मिळेल त्या भावाने.

ऑफिसात आमच्या साहेबांकडे उपाय तयार होता.

"दुसऱ्या एक्स्पोर्ट लायसन्सवर टाकू. माझ्या मेहुण्याचं एक पडून आहे. पाठवणाऱ्याचं नाव बदललं की स्क्रीन कोरी."

"स्क्रीन कोरी होईल, सर. पानं तीच राहतील."

"दर वेळी थोडंच सापडतं?"

"सापडलं तर तुमचा मेहुणाही जाईल आणि आपणही."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांना मार्चएंडचे आकडे दिसत होते. ते म्हणाले, "मग तुमच्या पद्धतीने करा. रामनवमीच्या आत झालं तर झालं. नाहीतर हा क्लायंट सोडा."

रामनवमी ही मुदत मदनभाईंनी दिली होती. त्यांच्या बोलण्यात पणजोबांची हिंदी आणि डच दोन्ही ऐकू येतं.

"दीदी, हमार अफसर चाहे तो भी नहीं छोड़ सके. कानून हेग का नहीं, ब्रसेल्स का है. आप बता दो खराबी किस खेत से आई, और बाकी खेत का पत्ता अलग बांध के भेजो. नहीं तो रामनवमी में श्रीलंका का पत्ता लेना पड़ेगा."

मागणी सरळ होती. कुठल्या वाडीचं पान बिघडलं ते शोधा, ती बाजूला काढा, बाकीच्या दहांचं पाठवा. आमच्या भाषेत याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. खोक्यावर नंबर असतो आणि त्या नंबरावरून वाडीपर्यंत पोचता आलं पाहिजे.

मी रिटाला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, ते कठीण आहे. आमच्याकडे मिसळण करतात."

ही मिसळण मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती, कारण खोके माझ्याकडे यायचे ते बंद होऊन. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन बघितली. अकरा वाड्यांची पानं एका मोठ्या ताडपत्रीवर ओततात. बायका बसून ती एकत्र लावतात. मग प्रत्येक खोक्यात प्रत्येक वाडीचं पान जातं. मुद्दाम.

"का?" मी काकांना विचारलं.

काका घरात वसईकडची सामवेदी बोली बोलतात, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि रागावले की दोन्ही एकत्र. त्या दिवशी रागावले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळात पानाच्या करंड्या रेल्वेने उत्तरेला जायच्या. तिकडचा दलाल चिठ्ठी पाठवायचा, अमक्याची करंडी सडकी निघाली, पैसे कापले. खरं की खोटं कळायला मार्ग नाही. त्यावरून दोन सख्ख्या भावांत बोलणं तुटलं. एकाच्या मुलीच्या लग्नाला दुसरा गेला नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं, करंडीला नावच नको. सगळ्यांचं पान सगळ्या करंड्यांत. नफा झाला तर अकरांचा, बुडालं तर अकरांचं.

"नंबर लावायचा म्हणजे बोट दाखवायचं," काका म्हणाले. "आज लॅबवाला सांगेल हा खराब. उद्या त्याच्या घरी कोन जाईल?"

"आणि नंबर नाही लावला तर अकराही वाड्या बंद."

"बंद तर बंद. एकत्र बंद होतील."

एका माणसाच्या हट्टाशी भांडता येतं. पण हा हट्ट नव्हता, अकरा घरांनी एकमेकांना दिलेला शब्द होता. मी चहा घेतला आणि निघाले. रिटा क्रॉसपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मॅडम, पप्पांना सोमवारी तुम्ही जे सांगितलं ते आवडलं होतं. घरी येऊन मला म्हणाले, ते सत्तावीस देश आपल्यासारखेच, सगळं एकत्र करतात."

मी तिथूनच परत फिरले.

"काका, तुमचं बरोबर आहे. ते तुमच्यासारखेच आहेत. नियम एकत्र, बाजार एकत्र, एकाच्या दारात अडलं तर सगळ्यांच्या दारात अडलं. फक्त एक फरक आहे. कुठलं पान कुणाच्या शेतातलं, हे त्यांना नेहमी माहीत असतं. स्पेनच्या काकडीवर स्पेन लिहिलेलं असतं."

"मग स्पेनचं नाव खराब नाय होत?"

"होतं कधीकधी. भांडतातही. पण दुरुस्तीही तिथंच होते. नाव नसेल तर दुरुस्त कुठे करणार?"

काकांनी ताडपत्रीवरचं एक पान उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "नंबर लावा. नाव नको. कुनाचा नंबर कुठला, ते कागदावर नि तुमच्या डोक्यात. शेडमध्ये बोलायचं नाय. नि वाटणीला हात लावायचा नाय."

"वाटणी माझ्या कामात येत नाही, काका."

नंबर लागले. प्रत्येक वाडीतून पानं आणि शिंपायचं पाणी, दोन्हीचे नमुने मी स्वतः घेतले. लॅबला पाच दिवस लागले. दहा वाड्या स्वच्छ. सात नंबरच्या पाण्यातही दोष आणि पानातही.

सात नंबर जॉन मास्तरांचा.

मी ठरवलं होतं की त्यांच्या घरी जाऊन एकट्याला सांगायचं. पण रविवारी चर्चमधल्या मिसानंतर काकांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं होतं, आणि रिपोर्ट आल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी उभी राहून एवढंच म्हणाले, "दहा घरांचं पान जाईल. एका घरचं या वेळी जाणार नाही. त्या घरी मी येऊन सांगते."

मास्तर उठले. वर्गात उभं राहावं तसे.

"मॅडम, माझा नंबर सात. सातच ना?"

मी उत्तर दिलं नाही.

"गप्प बसलात म्हणजे सातच." ते इतरांकडे वळले. "माझी विहीर गेल्या वर्षी खारी झाली. खारं पानी पानाला चालत नाय. म्हणून मी बावखलाचं पानी मारतो." बावखल म्हणजे वाडीतलं उघडं तळं. तिथं म्हशी उतरतात. "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. बोलायला जीभ उचलत नव्हती. माझा वाटा कापा. आधीच्या खोक्यांचं नुकसानही माझ्यावर घाला."

मला तेव्हा काकांकडे बघायची भीती वाटली. नंबर लावायला मी लावलं होतं. पन्नास वर्षं ज्याची भीती बाळगून ही माणसं पानं मिसळत आली, ते आता माझ्यामुळे घडणार होतं.

पास्कल काकांनी शेजारी बसलेल्या पुतण्याला विचारलं, "आपल्या विहिरीपासून जॉनच्या वाडीपर्यंत पाइप किती लागेल रे?"

"तीनशे फूट तरी. मोटर धरून तीस-बत्तीस हजार जातील, काका."

"लाव. गटाच्या खर्चात." मग मास्तरांना म्हणाले, "जॉन, खाली बस. तू शाळेत चाळीस वर्षं आमच्या पोरांना शिकवलंस, खोटं बोलू नये म्हणून. आज खरं बोललास तर काय विशेष केलंस?"

शेडमध्ये हशा पिकला. मास्तर खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"आणि वाटा?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"वाटणी बदलायची नाय. मॅडमच्या युरोपनं नंबर मागितला, तो दिला. वाटणी त्यांनी विचारलेली नाय."

त्या आठवड्यात दहा वाड्यांनी मिळून चव्वेचाळीस खोके भरले, म्हणजे मास्तरांच्या पानाची तूटही त्यांनीच भरून काढली. प्रत्येक खोक्यावर नंबर, आत एकाच वाडीचं पान. सोबत लॅबचे रिपोर्ट आणि फायटो, म्हणजे पानाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला. आणि अलर्टवरून दिल्लीच्या सरकारी कार्यालयाने मागवलेल्या खुलाशाला माझं उत्तर. काय बिघडलं, कुठे बिघडलं, काय दुरुस्त केलं, इतकंच त्यात होतं. साहेबांनी ते वाचून म्हटलं, "हे फारच खरं लिहिलंय." मी म्हटलं, "हो, सर." त्यांनी सही केली.

ॲमस्टरडॅमला पुन्हा नमुना काढला. निकाल येईपर्यंत खोके थंड खोलीत ठेवले होते. मग मदनभाईंचा मेसेज आला, फक्त दोन शब्दांचा: "पत्ता छूटा." पान सुटलं होतं. रामनवमीला त्यांच्याकडच्या मंदिरात वसईचं पान होतं. गटातल्या कॅथलिक घरांचा तेव्हा उपवासकाळ चालू होता. ईस्टर पुढे होता.

या धंद्यात मला चोवीस वर्षं झाली. मोठ्या कंपन्यांची कामं केली, ज्यांच्याकडे ट्रेसेबिलिटीची सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्यात माल अडला की पहिला ईमेल जातो तो "आमची चूक नाही" असा. उभं राहून "नंबर सात माझा" म्हणणारा माणूस मी वसईच्या त्या शेडमध्येच पाहिला. आणि ते ऐकून पाइपची लांबी विचारणाराही. त्या फाइलवर माझी सही आहे, याचा मला अभिमान आहे.

या कामात शिकण्यासारखं एकच. माल कुणाचा ते खोक्यावर लिहावं लागतं. नुकसान कुणाचं ते नंतर माणसांनी ठरवायचं असतं.

मदनभाईंकडून आले तीन लाख आठ हजार. लॅबला दिले बावीस हजार. पाइप आणि मोटर लावणाऱ्याला तेहेतीस हजार. उरलेल्या दोन लाख त्रेपन्न हजारांचे अकरा वाटे झाले, प्रत्येकी तेवीस हजार. रिटाने पहिला चेक जॉन मास्तरांच्या नावाने लिहिला.