डांबर काढायची रीत

लग्नाला महिना झाला असेल. आम्ही दोघं केळापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना यवतमाळच्या अलीकडे रस्त्याचं काम लागलं आणि ओल्या डांबरात गाडी फसली. मी उतरून मागून ढकलली. चपला तिथंच चिकटून राहिल्या, तळवे काळेकुट्ट झाले.

घरी आल्यावर नवऱ्यानं आधी वाकून पाहिलं ते गाडीकडे. जुनी, पांढरी, भाड्यानं चालवायची गाडी. दारांच्या खालच्या अंगाला डांबराचे ठिपकेच ठिपके. या घरात माझी सवत आधीपासून नांदतेय, हे मला तेव्हा कळलं.

त्यानं गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली, पत्रा निवू दिला. मग पाणी ओतून धूळ उतरवली, कारण धुळीसकट पुसलं तर रंगावर ओरखडे उठतात. शेजारी म्हणाला, ब्लेडनं खरवडून टाक. यानं ऐकलं नाही. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, घराघरांत पडून होता, आमची पुढची खोलीही भरलेली. त्यातला मूठभर घेऊन त्यानं सरकी काढली, बोळे खोबरेल तेलात भिजवून एकेका ठिपक्यावर दाबून धरले. डांबर मऊ होईपर्यंत थांबायचा, अलगद टिपून घ्यायचा, मळका बोळा टाकून नवा घ्यायचा. शेवटी साबणाच्या पाण्यानं तेल धुऊन काढलं.

मी ओसरीच्या पायरीवर बसून बघत होते. हा माणूस इतक्या मायेनं कशाला तरी हात लावू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्याशी तर कामापुरतंच बोलायचा. मला गाडीचा हेवा वाटला, रडूही आलं. रागारागानं वजरी घेतली आणि तळवे खसाखसा घासू लागले.

तो आला, माझ्या हातातली वजरी काढून घेतली, खालच्या पायरीवर बसला आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला.

“घासू नको. कातडं निंघन,” म्हणाला.

समोर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडे आईसमोर नवरा बायकोशेजारी बसतसुद्धा नाही, आणि यानं तर पाय धरला होता. मी पाय ओढला, त्यानं सोडला नाही. सासूबाई सूप ठेवून उठल्या. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं.

त्या आत गेल्या आणि स्वतःच्या डोक्याला लावायच्या तेलाची बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली.

“दुसराही पाय घे तिचा,” त्या म्हणाल्या. “पोरगी केव्हाची रडून राह्यली, तुले दिसत नाही काय?”