बंदोबस्ताकडे तोंड, कुस्तीकडे पाठ

बंदोबस्त हा शब्द मूळ फारसी. बंद म्हणजे बांधणं, बस्त म्हणजे बांधलेलं. निजामाच्या कचेऱ्यांतून तो आमच्याकडे आला आणि मुरला. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे यंदा जत्रेला निघालो तेव्हा जीपमध्ये वडिलांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. वडील निवृत्त हवालदार. सारी नोकरी हिंगोली, सेनगावकडच्या जत्रांत आखाड्याभोवती गर्दी अडवायचा दोर धरण्यात गेलेली. ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय. पण लोकायला कोण बांधते? बांधलेले आमीच."

जत्रेला प्रेक्षक म्हणून जायची त्यांची ही पहिलीच वेळ. शेवटची कुस्ती पुढं बसून बघायची, एवढाच हट्ट. इस्त्रीचा सदरा, पुसलेला चष्मा. जणू स्वतःच लंगोट कसणार होते. त्यांचे गुडघे कुरकुरत असूनही दोन तास आधी पोचलो आणि गावकऱ्यांनी त्यांना मानानं दोराजवळ बसवलं.

शेवटच्या जोडीनं सलामी दिली आणि मागची गर्दी उठली. पुढचे लोक आखाड्याकडे रेटले जाऊ लागले. दोर धरून उभ्या दोन तरुण शिपायांना काही ते आवरेना. वडील उठले. काठी त्यांनी नोकरीतही कधी उगारली नाही. जो सगळ्यात जास्त रेटायचा, त्याच्याच हातात ते दोर द्यायचे. आताही एका दांडग्या पाहुण्याला म्हणाले, "पाव्हणं, हे धरा. तुमच्यावर हाय सगळं." गडी लगेच शहाणा झाला. मग दुसरं टोक स्वतः धरून वडील गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. कुस्तीकडे पाठ.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी ते जत्रेहून आले की मी विचारायचो, कोण जिंकलं, कोणत्या डावावर? ते रंगवून सांगायचे. त्यातली एकही कुस्ती त्यांनी पाहिलेली नव्हती. माझ्यासाठी कुणाकुणाला विचारून यायचे. मला माझ्या फारसीची लाज वाटली आणि बापाचा फार अभिमान वाटला.

मी त्यांच्या हातून दोर घेतला. म्हणालो, "बाबा, तुमी तिकडं बघा."

ते आखाड्याकडे तोंड करून बसले. मी गर्दीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागं हलगीचा ठेका वाढला, एकदम आरोळी उठली, फेटे उडाले. मला काहीच दिसलं नाही.

परतताना जीपमध्ये विचारलं, "बाबा, कोण जिंकलं?"

सेनगाव येईपर्यंत ते हातवारे करून सांगत होते. या वेळी कुणाला विचारून नाही.