मनुबाईची जबानी

कुंडलच्या मनुबाईनं उभ्या जन्मात दारातनं कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. नवरा हंबीरराव फौजेतनं पेन्शनीवर आला तो पंच्याऐंशी किलोचा. तिच्या हातचं खाऊन एकशे अठ्ठावीसवर गेला. गडी चेष्टा करायचे, "दाजी, उसाच्या काट्यावर चढा की एकदा!" मनुबाई पदराआड हसायची. ती शाबासकी आपलीच, असं तिला वाटायचं.

त्याच्या बेंबीपाशी हर्निया आला. सांगलीच्या दवाखान्यात भुलीची डॉक्टरीण मयूरी, लेकीच्या वयाची. तिनं नीट समजावलं, "मावशी, काकांचं पोट जड आहे. भूल दिली की पोटातलं आंबट पाणी वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. गोळी देऊ, डोकं उंच ठेवू, पण रात्रीपासून घास नको. चुकून खाल्लंच तर सांगा, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करू."

नेमका ऑपरेशनच्याच सकाळी नवरात्राचा घट उठायचा होता. हंबीररावाचे यमाईचे उपास तेवीस वर्षं चुकले नव्हते, आणि नैवेद्याच्या पोळीशिवाय ते सुटत नव्हते. निघताना मनुबाईनं तुपात भिजवलेली पोळी पुढं केली.

"आगं, डॉक्टरीण नगं म्हणलीया."

"आवं, ह्यो परसाद हाय, जेवाण न्हवं. खावा गप."

एका घासाची अख्खी पोळी झाली. वर वाटीभर दूध.

दवाखान्यात मयूरीनं दोनदा विचारलं. भोवती पै-पावणे उभे. चार माणसांत चूक कशी कबूल करायची? मनुबाई म्हणाली, "पाणीसुदिक न्हाई."

भूल चढताना उलटी उसळली ती श्वासात गेली. अकरा दिवस नळ्या, बाराव्या दिवशी हंबीरराव गेला.

पुतण्या विश्वजीतनं डॉक्टरणीवर पोलिसांत तक्रार ठोकली. मनुबाईनं त्याला पोळीचं सांगितलं, तर म्हणतो, "काकी, तू गप बस. दुःखानं डोस्कं फिरलंय तुजं."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस्टीनं सांगलीला गेली आणि चौकीत जाऊन बसली. हवालदारानं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"आजी, हे लिहिलं तर डॉक्टरणीवरची तुमचीच केस पडंल."

"पडू दे. पोळी मी चारली, खोटं मी बोलले. आन त्या पोरीनं दोनदा इचारलं हुतं, त्ये बी लिव्हा."