आईची शपथ आणि गाडीचं चेंबर

आमच्या वस्तीचा रस्ता चुलत्याच्या रानातून जातो, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कटकट. उसाच्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्यात की मधे नुसता वरंबा उरलाय. माझी पिकअप तिथनं गेली की खालचं ऑइलचं चेंबर घर्रकन घासायचं. एकदा तर फुटलंच. वैताग नुसता!

मुरूम टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पण रान चुलत्याचं, म्हणजे त्याला विचारायला हवं, आणि त्याच्याशी बोलायचीच तर बंदी. वडील गेल्यावर बांधाची मोजणी झाली, तेव्हा चुलता चारचौघांत आईला नको ते बोलला. आईनं घरी येऊन माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "त्या घराशी बोललास तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." शपथ मोडली की जिच्या गळ्याची ती मरते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण पुढं आईच्या किडन्या गेल्या. आता मोडून बघायची कुणाची छाती होणार, सांगा!

तेव्हापासून आठवड्यातनं दोनदा माढ्याकडनं सोलापूर. मागं डाळिंबाचे क्रेट, पुढं आई. माल मार्केटला उतरवायचा, आईला डायलिसिसला न्यायचं, ती सुटेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, मग परत. डॉक्टरांनी तिचं पाणी मोजून दिलंय. दिवसाला एक लहान तांब्या, चहा-आमटी सगळं त्यातच. एकेका घोटावरनं आम्ही भांडतो. सोलापूरच्या उन्हात ती ओला पदर ओठांना लावून बसते. बघवत नाही हो.

शेवटी होटगी रोडच्या एका मिस्त्रीला म्हटलं, गाडी पुढनं उचलून दे. ह्या गाडीला पुढं साध्या स्प्रिंगा नाहीत, चॅसीच्या कडेनं दोन लांब पोलादी दांड्या आहेत. टॉर्शन बार म्हणतात त्यांना. चाक उंचवट्यावर चढलं की दांडी पिळली जाते आणि धक्का झेलते. तिच्या मागच्या टोकाचा बोल्ट कसला की गाडीचं तोंड वर येतं. मिस्त्रीनं जॅक लावून चाकं लोंबती केली, दोन्ही बोल्ट कसले, गाडी खाली घेऊन टेपनं दोन्ही बाजू सारख्या केल्या. "उप्पर तो हुई," तो म्हणाला, "पर कडक चलती. बाद में बोलना नक्को." म्हटलं, चालू दे कडक, चेंबर तर वाचेल.

चेंबर वाचलं आणि आई मेटाकुटीला आली. डांबरीवरचा बारका खड्डासुद्धा तिच्या कमरेत बसायचा. गाडी उंच झाली तर तिला पायच टाकता येईना, मीच उचलून आत ठेवायचो. परत येताना सुया टोचलेल्या हातावर दुसरा हात धरून डोळे मिटून बसायची. "लागतंय का?" विचारलं की, "न्हाय की. बरं हाय." मधे बोल्ट थोडे ढिले करून बघितले, तर वरंब्यावर पुन्हा घर्र. इकडे आड, तिकडे विहीर. पुन्हा कसून घेतले. आईला एकदा म्हटलंही, काकाशी बोलू दे. तोंड फिरवून बसली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घराण्याला बघूनच म्हटलं असणार.

एका दुपारी चुलत्याच्या रानात चाक चाकोरीत दणकन आपटलं. आई कळवळली. हाताची पट्टी लाल झाली. मी गाडी थांबवली, पट्टी दाबून धरली. रक्त थांबल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"आई, सुटली म्हण."

लहानपणी आम्ही पोरं चिंचांवरनं शपथा घालायचो. घालणारा 'सुटली' म्हणेपर्यंत सुटका नसायची.

"कशापायी?"

"मी दमलो गं. खरंच दमलो." डोक्यावर पांढरे केस आलेला बाप्या मी, लाज वाटली.

तिनं चुलत्याच्या पत्र्याच्या घराकडं बघितलं. मग म्हणाली, "सुटली. जा. पण त्यांच्यातला चा पिऊ नगंस."

चुलता बाजेवर बसला होता. इतक्या वर्षांनी काय बोलायचं असतं, कुणाला ठाऊक. "काका, रस्त्याला मुरूम टाकू का?" एवढंच निघालं तोंडातनं.

त्यानं माझ्यामागं गाडीकडं बघितलं. "वहिनी हाय का आत?"

"हाय. गाडी उंच केलीय, तिला उतरता येत न्हाय."

तो घरात गेला आणि कप घेऊन आला. सरळ गाडीपाशी गेला. खिडकी उंच, त्यामुळं म्हाताऱ्याला हात वर करून कप धरावा लागला. "घ्या वहिनी. मुरूम उद्याच टाकतो."

"काका, तिला चहा..." मी म्हणायला गेलो. आईनं डोळ्यांनीच मला अडवलं. तिनं कप घेतला आणि तळापर्यंत प्याली.

दिवेलागणीला मी तांब्या पुढं केला. तिनं तो हातानं बाजूला सारला. ओठ कोरडे पडले होते.

"आजचं माझं झालं की," म्हणाली.