मागच्या सीटवरचा सोमशेखर

आमचा सोमशेखर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारा. माग अडला की मालक याला बोलावतो, आणि हा नुसता कान लावून सांगतो कुठला नट ढिला झालाय ते. हाताला असा गुण, पण चाळिशीला आला तरी त्यानं कधी दुचाकी चालवली नाही. सून इंद्रायणी स्कूटी चालवायची आणि हा मागं, मांडीवर डबा धरून, नव्या नवरीसारखा गप बसून जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, रस्त्याला गर्दी लई, डोक्याला ताप नको. मी आपली समजून होते की पोरगं भित्रं निघालं, बापावर गेलं.

नातू चन्नवीर आठ वर्षांचा. आम्ही त्याला चन्नू म्हणतो. एके दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, उद्यापासून शाळेत सोडायला तू एकटीच ये. पप्पा मागं बसतात म्हणून पोरं हसतात.

त्या दिवशी सोमशेखरनं शेंगाचटणी दुसऱ्यांदा मागितली नाही, तेव्हाच मला कळलं की लागलंय खोलवर.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी, आमच्या गल्लीतल्या हारूनचा टेम्पो दारात उभा. त्यात दोन गाड्या, एक बापाच्या मापाची, एक लेकाच्या. बार्शीत कुणाकडून तरी जुन्या घेतलेल्या. सोमशेखर म्हणाला, डर्ट बाईक. सुनेनं सांगितलं, डर्ट म्हणजे माती, धूळ. मी म्हटलं, सोलापुरात धूळ घरात येऊन बसते, तिच्यासाठी गाडी कशाला घ्यायची?

बरं, गाडी बघितली तर दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर नाही. रस्त्यावर चालवायची नाही म्हणे, फक्त माळावर. म्हणजे गाडीलाच टेम्पोत बसवून न्यायचं. हारून म्हणाला, "अम्मा, गाडीमें बैठके जाने की गाडी पैली बार देख्या."

मी भोवती फिरून बघितलं. "मागची सीट कुटं हाय रे?"

"ह्याला नसती," सोमशेखर म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी बोलायला पाहिजे. मला काय कळलं नाही.

अक्कलकोट रोडला माझ्या भावाची, तिप्पण्णाची, मुरमाड जमीन पडून आहे. सगळे तिथं गेलो. मी पाटावर ताट ठेवून पूजा केली, नारळ फोडला, दोन्ही गाड्यांच्या चाकापुढं लिंबू ठेवलं. चन्नूनं हेल्मेट घातलं, गुडघ्याला, कोपराला काय काय बांधलं, पार्सल केल्यासारखा दिसत होता. पण पोरगं सायकलवर तयार झालेलं. लिंबू चिरडलं आणि कडुलिंबाच्या झाडाला वळसा घालून आलंसुद्धा.

"पप्पा, या की."

पप्पानं चेन तपासली. मग प्लग काढून फुंकला. मग टायर दाबून बघितला. मग टाकी पुसली. चांगल्या धडक्या मशीनवर जॉबरकी चालली होती, आणि चाकापुढचं लिंबू उन्हात तापत होतं. लेकाच्या चार चकरा झाल्या. पाचव्या वेळी चन्नू थांबला, हेल्मेट काढलं, आणि बापाकडे न बघता बुटानं मुरूम उकरत बसला. बाप टाळतोय हे त्याला कळलं होतं.

तेव्हा सोमशेखर माझ्याकडे आला. मी टेम्पोच्या सावलीला पोत्यावर बसले होते. शेजारी उकिडवा बसून हळूच म्हणाला, "अव्वा, तेवढं सुटली म्हण की."

"काय सुटली?"

"शपथ."

आणि मग मला आठवलं. हा नऊ वर्षांचा असताना बापाची सायकल पळवली, नळीखालून पाय घालून हाप पायडल मारत गेला आणि गटारीत पडला. हनुवटीला चार टाके. भीतीपोटी मीच दोन रट्टे दिले आणि गळ्याची शपथ घातली, परत हँडल धरलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. संध्याकाळी त्याला शिरा करून घातला आणि विसरून गेले. तीस वर्षं झाली. मला वाटायचं, मी डॉक्टरच्या गोळ्यांवर जगते. याच्या हिशेबानं मी जगत होते ती हा मागच्या सीटवर बसतो म्हणून.

"आधी सांगायचं न्हाय व्हय रे, गाढवा?"

"तुला आठवंल म्हणून थांबलो," तो म्हणाला. "मग राहूनच गेलं."

मी म्हटलं, "सुटली." एकदा म्हणून पुरतं की नाही माहीत नाही, म्हणून तीनदा म्हटलं. वाटलं, उडी मारून गाडीवर बसेल. तर त्याचं तोंड पडलं. इतकी वर्षं शपथ होती, भीतीचं नाव काढायची गरजच पडली नव्हती. आता सांगायला काही सबबच उरली नाही.

पण उठला. सीट त्याच्या कमरेच्या वर. पूजेचा पाट ठेवून त्यावरून चढला, हारूननं मागून धरलं. चन्नू पळत आला आणि म्हणाला, "पप्पा, खाली बघू नका, लांब बघा. मम्मी तसंच सांगती."

लिंबू फुटलं. गाडी धा-बारा हात गेली, सरळ गेली, मला वाटलं झालं. मग कुठं काय बिनसलं कुणास ठाऊक, गाडी थांबली आणि हा सावकाश एका बाजूला कलत कलत भरल्या पोत्यासारखा तरवडाच्या झुडपात गेला. हनुवटी खरचटली, जुन्या टाक्यांच्या शेजारीच.

तो हसत होता. चन्नूचं तोंड मात्र पांढरं पडलेलं. एका हातानं बापाच्या पायाला बिलगला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्वतःचा गळा धरला आणि म्हणाला, "पप्पा, माझ्या गळ्याची शपथ, परत जर..."

एकाहत्तर वर्षांची आहे मी. पोत्यावरून इतक्या चटकन उठल्याचं मला आठवत नाही. पुढचा शब्द निघायच्या आत त्याच्या तोंडावर हात दाबला. हाताला खोबरं लागलेलं होतं, ते त्यानं चाटलं.

झुडपातून आवाज आला, "अव्वा, पाट आण की."