पासष्ट वॅटचा पाहुणचार

धानोऱ्याला भाचीचं लग्न होतं आणि मामा या नात्याने पाच कडव्यांचं मंगलाष्टक मी स्वतः रचलं होतं. माझा आवाज खणखणीत आहे. हे मीच सांगतो, म्हणजे वाद नको. पण भरल्या मंडपात तो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा तर माझा कॉलरचा छोटा माईक हवा होता, आणि सकाळी त्याची बॅटरी पार उतरलेली निघाली.

नवरदेवाचे मेहुणे सुरतहून आलेले. त्यांनी पासष्ट वॅटचा कोरा टाइप-सी चार्जर पुढे केला. वरपक्षाची वस्तू नाकारायची नसते. मी तो दोन्ही हातांनी घेतला, माईक जोडला आणि धूळ बसू नये म्हणून वर उपरणं पांघरलं.

लग्नाला अर्धा तास उरला तेव्हा उपरणं उचललं. माईकचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.

"मरी गया माईक," मेहुणे अहिराणीत म्हणाले.

माझी पाचही कडवी धोक्यात आली. बायको भाचीला साडी नेसवत होती, तिला बोलावलं. ती मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. मी तिथे गिऱ्हाइकांना फक्त हसवतो. तिने पर्समधून आपला जुना, चौकोनी यूएसबी पोर्टचा चार्जर आणि त्याची केबल काढून माईकला लावली. दिवा लागला.

मेहुण्यांचा चेहरा उतरला. ही लगेच त्यांना म्हणाली, "पाव्हना, तुमना चार्जर भलता हुशार शे. समोर कोण शे, हाई पहिले इचारस, मंगच वीज देस. मन्हा जुना भोळा, काहीच इचारत नही."

"मंग चूक माईकनी?" मेहुण्यांनी विचारलं.

"माईकनी नही. स्वस्तमा लेनारानी."

मेहुणे पोट धरून हसले. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

अक्षता पडल्यावर तिने माईक उघडून दाखवला. आत तांदळाच्या दाण्याहून लहान असे दोन रेझिस्टर बसवलेलेच नव्हते. त्यांच्यावरूनच टाइप-सी चार्जरला कळतं की पलीकडे कुणी जोडलं गेलं आहे. तोवर तो वीज सोडत नाही.

पाचही कडवी शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. आता मंगलाष्टक कुणाला आठवत नाही. मेहुणे मात्र नवी केबल घ्यायची झाली की सुरतहून फोन करतात. मी उचलतो, तर म्हणतात, "वहिनीले द्या."

मी ऐटीत देतो.